अँबेसेडर मार्क टू: नवं मडगार्ड दाराशी जुळत नाही, काय करावं?

मार्कटू_सोलापूर
नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची अँबेसेडर मार्क टू. डावं पुढचं मडगार्ड खालून सडलंय, म्हणून नवं मागवलं. कंपनीचं नाही, हल्ली बनवतात तसलं. अजून रंग लावलेला नाही, नुसतं बोल्टवर टांगून पाहिलंय.

दार आणि मडगार्ड यांच्यातला गॅप वर २ मिमी, खाली ९ मिमी. पुढच्या टोकाला मडगार्ड बॉनेटपेक्षा ४ मिमी वर राहतंय. तीनपैकी एक बोल्ट भोकासमोर येतच नाही. सोबत आलेले बोल्टही दोन फेरे फिरून घट्ट होतात. डेंटर म्हणतो, पोटीन (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून गॅप काढून देतो. भोकं वाढवू, पत्रा कापू, की परत पाठवू?

पत्रा_आणि_डॉली
पोटीन अजिबात नको. दाराच्या कडेला रोज आपटा बसतो, त्यामुळे तिथं दोन-तीन मिमीपेक्षा जाड पोटीन टिकत नाही. आधी केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो. वर्षभरात पापुद्रा हातात येईल.

मडगार्डाला दोष देण्याआधी दार तपासा, कारण मडगार्ड जुळवायचं ते दाराशी. क्रम असा: आधी दार मागच्या खांबाशी, मग मडगार्ड दाराशी, शेवटी बॉनेट मडगार्डाशी. उलटं गेलात की एक गॅप सुधारताना दुसरा बिघडतो.

गाडी चाकांवर उभी हवी. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. पायरीखाली (दाराखालच्या पत्र्याच्या पेटीखाली) जॅक लावून मापं घेतली तर ती खोटी येतात. पायरीची पेटी सडली असेल तर बॉडी मधे बसते, खांब वरच्या बाजूला जवळ येतात आणि दाराचा मागचा गॅप वर मिटून खाली उघडतो. तसं दिसलं तर मडगार्ड बाजूला ठेवा, आधी पायरीचं काम.

दुसरं, दार अर्धं उघडून मागच्या कडेला धरून वर उचला. खालीवर किती हलतं ते पट्टीवर मोजून कळवा.

मार्कटू_सोलापूर
दाराचा मागचा गॅप वरखाली सारखाच, ५ मिमी. पायरी ठोकून पाहिली, आवाज भरीव आहे. दार मात्र ३ मिमी उचलतं. वरच्या बिजागरीत पिन हलताना दिसते.

आटे_आणि_लेथ
मग पिन आधी. भोक लांबट झालेलं असतं, त्यात त्याच मापाची नवी पिन घालून उपयोग नाही. रीमर (भोक घासून मापात वाढवायचं हत्यार) फिरवून भोक गोल करा, साधारण अर्धा मिमी वाढेल, आणि त्या मापाची पिन ईएन ८ पोलादात लेथवर करून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट करणारे लेथवाले आहेत, त्यांच्यासाठी हे रोजचं काम. पिन हाताच्या दाबानं जावी पण डुगडुगू नये.

आता बोल्ट. अँबेसेडरचा वंश मॉरिस ऑक्सफर्डचा, त्यामुळे आटे इंची. तुमचे जुने बोल्ट ५/१६ यूएनएफ (बारीक इंची आटा) असणार, म्हणजे इंचाला २४ आटे. आलेले बोल्ट बहुधा एम ८, म्हणजे मेट्रिक. व्यास जवळजवळ सारखा, ७.९४ आणि ८ मिमी, म्हणून सुरुवातीला आत जातात. पण एम ८ चा आटा (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमीचा, यूएनएफचा १.०६ चा. पान्यानं जोर लावलात की बॉडीतल्या नटाचे आटे गेले, आणि तो नट बदलायला मागे हात पोचत नाही. जुना बोल्ट नव्याच्या आट्यांवर आडवा टेकवून उजेडात धरा, फरक लगेच दिसेल. ५/१६ यूएनएफचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून बॉडीतले नट साफ करा आणि बोल्ट इंचीच विकत आणा.

मार्कटू_सोलापूर
पिन बसवली, दार आता अजिबात उचलत नाही. पण वरचा गॅप २ चा १ झाला! खाली ९ तसाच. बॉनेटपाशी ४ मिमी वरच.

पत्रा_आणि_डॉली
बरोबरच झालंय. लोंबलेलं दार वरच्या कोपऱ्यात मागे सरकलेलं होतं, ते जागेवर आलं. खरी मापं ही आताची.

मडगार्डाचं नाक वर उठलंय. नाक वर गेलं की मागची कड खालून पुढे सरकते, म्हणजे तुमच्या दोन तक्रारींचं मूळ काही अंशी एकच आहे. पण पूर्ण नाही. मडगार्डाची लांबी त्या उभ्या कडेच्या ढोबळ दुप्पट धरा. नाक ४ मिमी खाली आणलं तर कडेत २ मिमी फरक पडेल. वरखालीचा फरक ८ चा ६ होईल. वर ५ मिमी ठेवून बसवलं तर खाली ११ उरतील. म्हणजे तळाला ६ मिमी पत्रा खरोखरच कमी आहे.

भोकं मडगार्डाचीच वाढवा, बॉडीची कधीच नाही. गोल कानशीनं, ३ ते ४ मिमीपर्यंत, वर जाड मोठा वॉशर. त्याहून जास्त लागलं तर जुनं भोक वेल्डिंगनं बुजवून नवं पाडा. नाक खाली येण्यासाठी पुढच्या जोडाखाली शिम (उंचीसाठी घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या) आहेत का बघा, आधी तेच काढा.

तळाच्या पत्र्यासाठी: कडेची घडी तशीच राहू द्या. कडेपासून २५ मिमी पुढे, कडेला समांतर, खालून वर एक काप घ्या आणि जिथं गॅप बरोबर आहे तिथं थांबवा. मागची पट्टी दाराकडे ओढा, व्हाइसग्रिप पकडीनं धरा, उघडलेल्या पाचरीत २० गेज जाडीचा पत्रा कापून बसवा. मिग वेल्डिंगनं, ०.६ मिमीच्या तारेनं, दर २५ मिमीला एक टाका, एक इकडे एक तिकडे, मधे गार होऊ द्या. सलग ओढलंत किंवा गॅस वापरलात तर पत्रा लाटा घेईल आणि मग डॉली-हातोडीचं (मागे लोखंडी ठोकळा धरून ठोकण्याचं) काम चौपट. टाक्यांच्या वेळी मडगार्ड गाडीवरच, दार बंद, फटीत ५ मिमीची लाकडी पट्टी. ती पट्टी जळते, ओली ठेवा.

उघड्या पत्र्यावर गॅप अर्धा मिमी जास्तच ठेवा. प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतो.

धूळ_बंद
परत पाठवायचं असेल तर कानस लावण्याआधी पाठवा. घासलेला माल कुणी परत घेत नाही. पण ६ मिमी तळाला कमी एवढंच असेल तर मी ठेवून घेईन, चाकाची कमान आणि दिव्याची गोलाई जुन्या मडगार्डाशी जुळत असेल तर. पुठ्ठ्याचा साचा जुन्यावर कापून नव्यावर ठेवा. कमान चुकली असेल तर मात्र परत पाठवा, ती पत्रा जोडून सुधारत नाही. जुनं मडगार्ड रंग होईपर्यंत भंगारात देऊ नका.

दाराचं रबर नवं लावणार असाल तर गॅप ठरवतानाच ते लावून बघा. हल्लीचं रबर बरेचदा जास्त कडक येतं, दार पहिल्या खटक्यावरच अडतं, आणि मग माणसं बिजागरी वाकवतात. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे थोडी अडखळत निघाली पाहिजे. फाटली तिथं रबर जाड, सहज सुटली तिथून उन्हाळ्यात धूळ आत येणार. पोकळ मऊ रबर मीटरवर मिळतं, ते घ्या. चिकटवायचं ते सकाळी. मे महिन्यातल्या दुपारी पत्रा इतका तापतो की सोल्यूशन लावता लावताच वाळतं.

मार्कटू_सोलापूर
कमान पुठ्ठ्याला जुळली, दिव्याची गोलाईही. पुढच्या जोडाखाली दोन शिम निघाले, नाक ३ मिमी खाली आलं. उद्या इंची बोल्ट आणतो, मग काप घ्यायचा. डेंटरला पोटीनचा डबा बंद ठेवायला सांगितलंय.