ग्राउंड सात वाजता सुटतं, मेस साडेदहाला उघडते. मधल्या वेळेत काय खायचं?

टेकडीवरचा

पोलीस भरतीवाल्यांसाठी हा धागा काढतोय, पण सकाळी घाम गाळून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या कुणालाही चालेल. ग्राउंडवर, म्हणजे मैदानी चाचणीच्या सरावाला, रोज एकच वाद असतो: धावायच्या आधी खायचं की रिकाम्या पोटी पळायचं? एक म्हणतो केळं खा, दुसरा म्हणतो नुसतं कोमट पाणी पी. माझ्या मते खरी अडचण तिथे नाहीच, ती ग्राउंड सुटल्यावर सुरू होते.

पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहणाऱ्या पोराची सकाळ बघा. साडेपाचला तळजाई टेकडी, सातला खाली, आंघोळीला नंबर लावायचा, आठच्या आत अभ्यासिकेत बॅग टाकायची. मेस उघडणार साडेदहाला. तोवर एक कटिंग आणि एक क्रीमरोल. रात्री नऊला जेवलेला माणूस साडेतेरा तासांनी जेवतो आणि त्यातला दीड तास त्याने ग्राउंड मारलेलं असतं. मग मेसमध्ये सात पोळ्या चेपायच्या, वर भाताचा डोंगर, आणि दुपारी बुद्धिमत्तेच्या पुस्तकावर गाल टेकून झोपायचं.

म्हणून माझं मत: खाण्यासाठी मेसच्या वर आठ-नऊशे रुपये निघत असतील, तर ते प्रोटीन पावडरीत आणि पहाटेच्या खाण्यात घालू नका. ग्राउंड सुटल्यावर लगेच घाला. दोन उकडलेली अंडी, दोन केळी, मूठभर फुटाणे. आमच्याकडे अंडं सात रुपयांना आणि केळं पाचला पडतं, म्हणजे तीस रुपयांत काम होतं. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्दा मांडा, नुसता अंगठा खाली करून जाऊ नका.

सोळाशे मीटर

पटत नाही, मुद्दा मांडतो.

पहाटे काही नको, यावर एकमत आहे. रात्री नीट जेवून झोपलात तर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा सकाळी जवळपास तसाच असतो, रात्रभरात उतरतो तो यकृतातला. आपलं १६०० मीटर, म्हणजे भरतीतली मुलांची धाव, पाच-सहा मिनिटांचा मामला. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण २० गुण. त्याला केळ्याची नाही, पायांची गरज आहे. पोटात काही असलं तर तिसऱ्या राउंडला बरगडीखाली कळ येते, तेवढाच त्याचा उपयोग.

पण "सुटल्यावर लगेच" हेही जिममधलं खूळ आहे. अर्ध्या तासात प्रथिनं पोटात गेली नाहीत तर मेहनत पाण्यात, असं काही नसतं. दिवसभराची बेरीज महत्त्वाची. साडेदहाला जेवलास काय आणि सव्वासातला खाल्लंस काय, बेरीज सारखीच. त्यापेक्षा ते नऊशे रुपये रात्रीच्या दुधाला लाव आणि मेसमध्ये आमटी दोनदा मागून घे. आमटीला पैसे पडत नाहीत.

आठशेवाली

दादा, बेरीज महत्त्वाची हे मान्य. आता बेरीज करूनच दाखवते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने साध्या माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. कसून सराव करणाऱ्याला १.२ ते १.६ धरतात. मी ५५ किलोची, म्हणजे कमीत कमी ६६ ग्रॅम. आता मेसचं ताट बघा: चार पोळ्या, भात, बटाट्याची भाजी, आणि जिच्यात डाळ शोधावी लागते अशी आमटी. दोन्ही वेळचं मिळून चाळीस झालं तरी डोक्यावरून पाणी. उरलेले पंचवीस आणणार कुठून? आमटी दोनदा घेतली तर पाणीच दोनदा पोटात जातं. शिवाय साडेदहाच्या जेवणात तुम्ही पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी पोळीच जास्त जाते, प्रथिनं नाही. म्हणून वेगळा नाश्ता हवाच.

आणि मुलींचा एक प्रश्न इथे कुणीच काढणार नाही, म्हणून मीच काढते. लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. मुलींच्या ८०० मीटरला शेवटच्या दोनशेत दम तुटतो, तेव्हा सर ओरडतात "सराव कमी पडतोय". पुष्कळदा हिमोग्लोबिन कमी पडत असतं. ते आधी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. फुटाण्यांवर लिंबू पिळा, आवळा मिळाला तर उत्तम, आणि चहा त्याच वेळी घेऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. ग्राउंडवरून येऊन आधी कटिंग मारायची सवय सगळ्यात वाईट.

अंड्यांबद्दल इतकंच: आमच्या घरमालकीणबाईंना खोलीत अंड्याचा वास आला तर दुसऱ्या दिवशी बॅग जिन्यात असते. आधी त्याचं उत्तर द्या.

कोल्हापुरी पठ्ठ्या

आरं काय ते ग्रॅम आणि किलो. इकडं तालमीत पोरगं पहाटे चारला उठतंय, हजारभर बैठका, मग लढत, आणि उपाशीच. जोर काढून झाल्यावर बदामाची थंडाई. कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. खुराक म्हंजे हे. आमचे वस्ताद तर चार कच्ची अंडी दुधात फोडून द्यायचे. सोळाशे मीटर पळायला तुम्ही अंडं मोजताय व्हय?

सोळाशे मीटर

भाऊ, खुराकाबद्दल आदर आहे, पण बदामाचा भाव कधी विचारलाय का? पैलवानाचा खुराक घरातल्या म्हशीवर किंवा गावाच्या देणगीवर चालतो. खोलीचं भाडं भरून उरलेल्या पैशांत तो बसत नाही.

आणि कच्ची अंडी कृपा करून कुणी पिऊ नका. कच्च्या अंड्यातली प्रथिनं निम्मीच्या आसपास पचतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या घरात. म्हणजे चार कच्ची पिऊन दोनाचाच फायदा, वर पोट बिघडायची धास्ती. भरतीच्या आठवड्यात जुलाब लागले तर वस्ताद येत नाहीत गोळा फेकायला.

डंबेल दादा

सगळे पावडरीवर तुटून पडण्याआधी ऐका. खोलीत गॅस नाही, केटल लावली तर मालक मीटर बघायला येतो, अंडी चालत नाहीत, फ्रीज नाही. अशा पोराने काय करायचं? एक स्कूप, पाणी, शेकर हलवला की झालं. २४ ग्रॅम. ना वास, ना भांडी. महाग आहे म्हणता, पण हेच लोक संध्याकाळी चहा-वडापाववर रोज चाळीस रुपये घालवतात.

टेकडीवरचा

दादा, वडापावचा हिशेब काढलास तर पावडरीचाही काढू. बऱ्यापैकी कंपनीचा किलोचा डबा अडीच-पावणेतीन हजारांचा. त्यातून साधारण सातशे ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ग्रॅमला साडेतीन रुपयांच्या वर. अंड्यात सहा ग्रॅम धरलं तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. दूध पावणेदोन-दोन रुपये. फुटाणे ऐंशी पैसे. आणि सोयाबीनच्या वड्या, ज्यांना आपण मेसमध्ये नाक मुरडतो, त्या शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं देतात, किलोला दीडशे रुपये धर, ग्रॅमला तीस पैसे. पावडर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती बापाच्या उसाच्या बिलातून घेण्याइतकी गरजेची नाही, एवढंच.

आणि ती तरी चांगल्या कंपनीची. ग्राउंडवर सुट्ट्या पिशवीत जो "मास गेनर" (वजन वाढवायची पावडर) फिरतो, लेबल नाही, परवाना क्रमांक नाही, तो घेणाऱ्याने निदान उलट्या झाल्यावर इथे येऊन विचारू नये.

आठशेवाली

वड्यांचं ठीक, पण त्या भिजवून शिजवायच्या कुठे? परत तेच. गॅसशिवाय काय होतं ते सांगते. रात्री डब्यात मूग भिजत घाला, सकाळी पाणी काढा, कांदा-लिंबू-मीठ. हरभरेही चालतात, पण ते ग्राउंडनंतरच. आमच्यातली एक जण भिजवलेले हरभरे खाऊन शंभर मीटर पळायला उभी राहिली होती. पुढचं लिहीत नाही, मुली वाचत असतील तर हसतीलच.

शेंगदाणेही तसेच. पौष्टिक आहेत, गुळाबरोबर तर फारच छान, पण त्यात निम्म्याच्या आसपास तेल. पळण्याच्या तोंडावर ते पोटात दगडासारखे बसतात. नंतर खा.

पाच किलोमीटर

मी एसआरपीएफच्या (राज्य राखीव पोलीस दलाच्या) तयारीत आहे, आम्हाला १६०० नाही, ५ किलोमीटर आहे. "पहाटे काही नको" हा नियम सगळ्यांवर लादू नका. लांब पल्ल्याच्या दिवशी, पाऊण तासाच्या वर धावायचं असेल तेव्हा, मी अर्धं केळं किंवा दोन खजूर खाऊन निघतो. केळी रात्रीच घेऊन ठेवावी लागतात, पहाटे पाचला कुठली गाडी लागलेली नसते.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. प्रत्यक्ष भरतीच्या दिवशी काय होतं? पहाटे गेटवर बोलावतात. मग रांग, कागदपत्रं, बोटांचे ठसे, उंची, छाती, छातीवर नंबर. तुमची धाव लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. रोज साडेपाचला रिकाम्या पोटी पळायची सवय लावलेला गडी त्या दिवशी सात-आठ तास उपाशी उभा राहतो आणि मग १६०० ला कोसळतो. किंवा उलट, आई घरून आलेली असते, ती बळेच दोन पराठे खायला घालते आणि ते तिसऱ्या राउंडला वर येतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी उशिरा, उन्हात, काहीतरी खाऊन दोन-अडीच तासांनी धावून बघा. पोटाला काय मानवतं ते तिथे कळेल. त्या दिवशी पिशवीत केळी, राजगिऱ्याची किंवा गुळाची चिक्की आणि ओआरएसची पुडी. नवीन काहीही नाही.

सोळाशे मीटर

हा मुद्दा मानला. ग्राउंडच्या दिवसाचा मी विचार केला नव्हता. तरी रोजच्या सरावाला माझं तेच: पाणी प्या आणि निघा. आणि नंतरचा नाश्ता ज्यांना जमतो त्यांनी करा, पण ज्याच्या खिशात तीस रुपये नाहीत त्याला "तुझं ग्राउंड वाया गेलं" असं सांगून घाबरवू नका. आपल्यात निम्मी पोरं रात्रीची वॉचमनची ड्युटी करून पळायला येतात.

टेकडीवरचा

घाबरवत नाही रे. ज्याच्याकडे तीस नाहीत त्याने पंधरात भागवावं: फुटाणे, गूळ आणि एक केळं. क्रीमरोल सोडला तरी तेवढे निघतात. मला राग मेसवाल्यांचा येतो. आख्ख्या पेठेत हजारो पोरं सकाळी सातला भुकेली फिरतात आणि एकही खानावळ साडेदहाच्या आत शटर वर करत नाही.

खानावळवाल्या काकू

माझी मुलगी हे वाचून दाखवत होती, म्हणून तिच्या फोनवरून लिहिते. राग येणं सोपं आहे, बाळा. मी पहाटे पाचला उठून दोनशे डब्यांची कणीक मळते. नाश्ता दोनदा सुरू केला होता. पहिल्या आठवड्यात पंचवीस पोरं आली, महिनाअखेर चार. पोह्यांची परात तशीच उरायची. परीक्षा संपली की तुम्ही गावी जाता, गॅसचं बिल मात्र गावी जात नाही. आणि आमटी पातळ म्हणणाऱ्या मुलीने तूरडाळीचा भाव मला येऊन सांगावा.

तरी वीस जण नक्की असतील तर साडेसातला देते. दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ, सोबत दोन पोळ्या. पस्तीस रुपये. पैसे महिन्याचे आगाऊ, खाडे धरणार नाही.

आठशेवाली

काकू, भाव खरंच बघून येते. उसळीला माझं नाव घ्या, लिंबाची फोड तेवढी द्या. तीस रुपयांत जमवा ना?

खानावळवाल्या काकू

लिंबू उन्हाळ्यात मागू नकोस. बत्तीस.

टेकडीवरचा

आमच्या ग्राउंडवरचे चौदा जण तयार आहेत, बाकीचे सहा इथून होतील. पण काकू, सोमवार, गुरुवार, चतुर्थीवाल्यांचं काय? आणि आमच्यातले पाच जण नवरात्रात अंडं खात नाहीत.

खानावळवाल्या काकू

ज्याचा जो वार असेल तो पहिल्या तारखेलाच वहीत लिहायचा, त्या दिवशी त्याला उसळ नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. नवरात्रात अंडी सगळ्यांनाच बंद, माझ्या घरात घट बसतात. आणि टरफलं बादलीतच टाकायची, जिन्यात नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा आधीच माझ्यावर चिडलेले आहेत.