मदत हवी आहे: धंतोलीतलं जुनं घर कोणी बांधलं?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धंतोलीतलं आमचं कौलारू घर आजोबांनी १९५८ मध्ये विकत घेतलं. आता बिल्डरशी बोलणी सुरू आहेत, त्याआधी ते बांधणारं कुटुंब कोणतं ते शोधतोय. आजी सांगायची, आधीचे मालक सचिवालयात होते, दारात टांगा असायचा. (टांग्याचं जरा वाढवून असेल.) पण नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी, राज्य बदललं तशी नोकरदार मंडळी भोपाळ-मुंबईकडे गेली, म्हणून पटतं.

जागा नझूलची, म्हणजे पट्ट्याने दिलेली सरकारी जमीन. आखीव पत्रिकेत (मिळकतीच्या नोंदीच्या उताऱ्यात) आमच्याच घरच्यांची नावं दिसतात. मूळ पट्टेदाराचं नाव नझूल कार्यालयात मिळेल, की दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची सूची) बघू? खरेदीखताचा दस्त क्रमांक नाही, फक्त वर्ष आहे. धंतोलीतले कोणी जुने रहिवासी असतील तर कृपया सांगा.