अपारंपरिक, नवीकरणीय, अक्षय: सगळं एकच का?

मुलीच्या भूगोलाच्या वहीत 'अपारंपरिक म्हणजेच नवीकरणीय ऊर्जा' असं आहे. बरोबर आहे का हे? कुणी अक्षय म्हणतं, कुणी पुनर्नवीकरणीय. कुठला शब्द वापरावा?

— नाही, एक नव्हे. 'अपारंपरिक' आपल्या सवयीबद्दल सांगतो, 'नवीकरणीय' साठ्याबद्दल: वापरलेलं आपल्या हयातीत परत भरून येतं का? खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, म्हणजे पुरतं पारंपरिक. पण घाटमाथ्यावरची तळी दर पावसाळ्यात भरतात, म्हणून नवीकरणीय. तारापूरचं उलटं. अणुऊर्जेला काही पुस्तकं अपारंपरिकात घालतात, पण युरेनियम संपणारंच.

— गोंधळ सरकारी नावांनीही वाढवला. केंद्रातलं अपारंपरिक ऊर्जास्रोत मंत्रालय २००६ मध्ये 'नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय' झालं. तरी २५ मेगावॉटपर्यंतचीच जलविद्युत नवीकरणीय धरत; मोठे प्रकल्प त्यात आले २०१९ मध्ये. कोयनेचं पाणी तेच, पाऊस तोच, बदलली ती व्याख्या!

— 'अक्षय' कानाला गोड, पण मला पटत नाही. ऊन-वाऱ्याला चालेल. लाकूडफाटाही नवीकरणीयच, आणि झाडं वाढण्याआधीच कुऱ्हाड चालली की त्याचा क्षय डोळ्यांदेखत होतो.

— 'नवीकरणीय' तरी कुठे निर्दोष आहे? 'करणीय' म्हटलं की करणारा आला. परवान्याचं नूतनीकरण आपण करतो, वाऱ्याचं कोण करतं? 'पुनर्नवीकरणीय'मध्ये तर 'पुन्हा नवं पुन्हा करण्याजोगं' असा प्रकार. त्यापेक्षा 'पुनर्नवा' घ्या की. घेटुळीचं हे दुसरं नाव. उन्हाळ्यात वाळते, पाऊस पडला की मुळापासून फुटते. पुनर्नवा ऊर्जा!

— शब्द सुरेख, पण पोरीला पेपरात लिहू देऊ नका, मार्क जातील. विरुद्ध बाजूला 'अनवीकरणीय' व्याकरणात बसतो, तरी बोलताना मी 'संपणारे स्रोत' म्हणतो. खरं तर कोळसाही नव्याने तयार होतोच. चंद्रपूरचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या झाडझाडोऱ्याचा आहे. तेवढं थांबायची तयारी असेल तर तोही नवीकरणीय.

— जाता जाता: 'पारंपारिक' नव्हे, 'पारंपरिक'. परंपरा अधिक इक. पहिलाच स्वर वाढतो. वर सगळ्यांनी बरोबर लिहिलंय हे पाहून धन्य झालो.

— सगळ्यांचे आभार. मुलीला वाचून दाखवलं. तिने वहीतला 'म्हणजेच' खोडून 'आणि' केलंय. बाई काय म्हणतात ते उद्या कळवतो.