मदत हवी आहे: टेस्लाचा बिनतारी विजेचा टॉवर पुन्हा कुणी का उभारला नाही?

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात छोटी टेस्ला कॉइल (निकोला टेस्लाचं खूप व्होल्टेज आणि ठिणग्या काढणारं यंत्र) ठेवणार आहे आणि परीक्षक हमखास विचारणार की टेस्लाचं बिनतारी वीज पाठवणं एवढं भारी होतं तर आजही घरोघरी वायरी कशाला. नेटवर शोधलं की दर दुसऱ्या व्हिडिओत एकच गोष्ट, टेस्लाला पैसे देणाऱ्या बँकर मॉर्गनने विचारलं मीटर कुठे लावायचा आणि फुकट वीज दाबून टाकली. पोरीने हेच सगळ्यांसमोर ठोकून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही, खरं काय ते कळायला हवं.

वाचून एवढं कळलं की १८९९ मध्ये टेस्लाने कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रयोग केले, मग १९०१ मध्ये मॉर्गनचे दीड लाख डॉलर घेऊन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा टॉवर बांधायला घेतला, १८७ फूट उंच, वर भलामोठा घुमट. पैसे संपले, काम अडलं आणि हॉटेलच्या थकलेल्या बिलापायी जागा गेली, १९१७ मध्ये टॉवर पाडला. ठीक आहे, पण पैसे नव्हते हे कारण तेव्हापुरतं झालं ना? नंतरच्या शंभर वर्षांत जगात पैशाला काय तोटा होता? पेटंटं उघड आहेत, कोलोरॅडोच्या नोंदी १९७८ मध्ये छापून आल्यात, मग एखाद्या सरकारने किंवा विद्यापीठाने तेच परत करून का नाही पाहिलं? जाणकारांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.

पारेषणकाका:
मीटरची गोष्ट आधी बाजूला ठेवा. मॉर्गनने पैसे दिले होते ते अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवायला. डिसेंबर १९०१ मध्ये बिनतारी संदेशांतला टेस्लाचा प्रतिस्पर्धी मार्कोनीने 'एस' हे अक्षर समुद्रापार पोचवून दाखवलं, मग टेस्लाने मॉर्गनला सांगितलं की माझा खरा बेत वीज पाठवायचा आहे, आणि जुलै १९०३ मध्ये मॉर्गनचं त्रोटक उत्तर आलं की सध्या आणखी पैसे द्यायची इच्छा नाही. त्यात मीटरबिटर काही नाही. चोरीचंच म्हणाल तर आकडे तारांवरही पडतात, म्हणून तारा ओढायचं कुणी थांबवलं नाही.

आता मुद्द्याचं. परत बांधायचं तर नेमकं काय बांधायचं? २६ मैलांवर २०० दिवे पेटवले असं सगळीकडे वाचाल, पण टेस्लाच्या स्वतःच्या नोंदींत असा प्रयोग नाही. जे आहे ते बघा. जून १९०० च्या सेंच्युरी मासिकात त्याने एक फोटो छापला, साधे तीन बल्ब पूर्ण तेजाने पेटलेत, ते ज्या तारेला जोडलेत तिचा ५० फूट बाजूचा चौकोन केलाय, आणि तो चौकोन मुख्य सर्किटपासून १०० फुटांवर. म्हणजे तीन बल्बांसाठी पन्नास फुटी लूप! हा ट्रान्सफॉर्मरच झाला, फक्त दोन वाइंडिंगांमध्ये शंभर फूट हवा. लूप लहान आणि अंतर मोठं झालं की हिशोब फार वाईट होतो, अंतर दुप्पट केलं तर मिळणारी पॉवर जवळपास चौसष्टाव्या भागावर येते. माझी नोकरी लाईन लॉसचे टक्के मोजण्यात गेली, हा आकडा बघितल्यावर कुठलाही इंजिनिअर तारच ओढेल.

रेडिओवेडा:
काकांशी सहमत, पण टेस्लावर थोडा अन्याय होतोय, त्याचा भरवसा हवेवर नव्हताच, जमिनीवर होता. अख्खी पृथ्वी रेझोनन्समध्ये आणायची, म्हणजे झोक्याला लयीत धक्के द्यावेत तशी विजेने हेलकावत ठेवायची, आणि मग कुठूनही वीज काढायची असा त्याचा विचार. पृथ्वी आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीला असा रेझोनन्स खरंच आहे, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ शूमानने १९५२ मध्ये गणित मांडलं, साधारण ७.८ हर्ट्झ. पण घंटेवर टोला मारावा आणि चार-पाच हेलकाव्यांत आवाज मरावा तशी ती पोकळी आहे, ऊर्जा साठून राहतच नाही. शिवाय टेस्लाची कॉइल चालायची त्याच्या हजारो पट वरच्या फ्रिक्वेन्सीला. १८९९ मध्ये हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्याने पैज लावली यात मला काही चूक दिसत नाही.

आणि परत कुणी केलंच नाही असं नाही हां. रॉबर्ट गोल्का नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात अमेरिकेत यूटामधल्या वेंडोव्हरला, जुन्या विमानाच्या हँगरमध्ये कोलोरॅडोची कॉइल जवळपास त्याच आकाराची उभी केली. त्याला हवे होते विजेचे गोळे, ठिणग्या प्रचंड निघाल्या, दूरवर वीज काही गेली नाही. २०१४ मध्ये रशियातल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी टॉवरसाठी लोकवर्गणी काढली, मागितले आठ लाख डॉलर, जमले अगदीच थोडे.

जे चाललं ते वेगळ्याच वाटेने चाललं. अमेरिकन इंजिनिअर विल्यम ब्राउनने १९६४ मध्ये मायक्रोवेव्ह लहरींनी पाठवलेल्या विजेवर छोटं हेलिकॉप्टर उडवलं, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटच्या वर वीज पोचली, पण त्यासाठी २६ मीटरची डिश लागली. २००७ मध्ये एमआयटीने ६० वॉटचा बल्ब दोन मीटरवरून पेटवला, कार्यक्षमता ४० टक्के. परीक्षकांना हे आकडे सांगायला सांगा.

मंजिरी_ताई:
दादा, मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून कॉइल करायचे व्हिडिओ असतात, त्याच्या जवळपाससुद्धा पोरीला जाऊ देऊ नका, जीव जातो त्याने. स्लेयर एक्सायटर (बॅटरीवर चालणारी सोपी छोटी टेस्ला कॉइल) करा, ९ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि पाइपवर गुंडाळलेली एनॅमल वायर, सीएफएल हातात धरूनच पेटतो. नुसता पेटवून थांबू नका, तशीच दुसरी कॉइल करून तिच्यावर किती व्होल्ट मिळतात ते दर पाच सेंटीमीटरला मोजून ग्राफ काढायला लावा, काकांचा हिशोब तिलाच दिसेल. मल्टिमीटर थेट लावू नका, फ्रिक्वेन्सी त्याच्या आवाक्याबाहेरची असते. १एन४१४८ डायोड आणि छोटा कपॅसिटर लावून डीसी करा, मग मोजा.

धागाकर्ता:
काका, रेडिओवेडा, ताई, मनापासून आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते गोल्काचा हँगर पोस्टरवर पाहिजेच. ग्राफची आयडिया तर फारच आवडली, उद्या वायर आणतोय. ताई, एकच सांगा, दुसऱ्या कॉइलला वेढे अगदी तेवढेच लागतात की थोडे कमी-जास्त झाले तर कपॅसिटरने जुळवून घेता येतं? हाताने गुंडाळताना मोजणी चुकतेच हो.