‘तळावरची अणुवीज’ आणि ‘नौदलाची खरेदी’ : अर्थ व वापर

विचारणा (सातारा)

आमच्या पेठेतील वाचनालयात दर रविवारी सकाळी काही माजी सैनिक एकत्र बसतात आणि संरक्षणविषयक एखादा विषय वाचून त्यावर चर्चा करतात. मी निवृत्त भाषाशिक्षक आहे. इंग्रजीतील मजकूर मराठीत मांडून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. या महिन्याचा विषय अमेरिकेतील दोन प्रकारच्या कायद्यांचा आहे. नौदलाची जहाजे कोठे बांधावीत आणि कशी घ्यावीत, हे ठरवणारे कायदे पहिल्या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात लष्करी तळांना अणुभट्टीतून वीज पुरवण्यासंबंधीचे कायदे येतात. मी शीर्षक दिले होते, ‘नौदल अधिग्रहणाचे कायदे आणि लष्करी तळांची अणुशक्ती’.

हे शीर्षक वाचून दोघांनी विचारलेले प्रश्न मला अंतर्मुख करून गेले. माण तालुक्यातील एक सुभेदार म्हणाले, “दुष्काळात तहसीलदार आमच्या विहिरी अधिग्रहित करतात, तशी नौदल लोकांची जहाजे ताब्यात घेते काय?” अपशिंगे मिलिटरी या गावचे दुसरे गृहस्थ म्हणाले, “तळांची अणुशक्ती म्हणजे तिथे बाँब ठेवणार, असेच ना?” दोघांनीही मराठी नीटच वाचले होते आणि चूक माझ्या शब्दांची होती. हे शब्द कोणते असावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मिरज)

गुरुजी, मी तीस वर्षे सरकारी भांडार विभागात काम केले आहे, म्हणून पहिल्या शब्दाविषयी लिहितो.

सुभेदारसाहेबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. हिंदीत संरक्षण खात्याच्या कागदांवर ‘अधिग्रहण’ असे छापलेले असते आणि मराठी वृत्तपत्रे ते जसेच्या तसे उचलतात. मराठी प्रशासनात मात्र ‘अधिग्रहण’ म्हणजे मालकी मूळ धन्याकडेच ठेवून सार्वजनिक गरजेपोटी वस्तूचा ताबा काही काळ सरकारने घेणे. टंचाईत विहिरी अधिग्रहित होतात आणि निवडणुकीत जीपगाड्या अधिग्रहित होतात. जत, आटपाडी, माण किंवा खटाव येथील माणसाला हा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. ‘संपादन’ या शब्दात मालकीही जाते, आणि कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्या घरांमध्ये ‘भूसंपादन’ या शब्दाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. ‘प्रापण’ हा शब्द निर्दोष आहे, परंतु तो कचेरीच्या उंबऱ्याबाहेर कधी पडलेला नाही.

माझे मत असे की इंग्रजीतील ‘प्रोक्युअरमेंट’साठी, म्हणजे सरकारी कामासाठी माल मिळवण्यासाठी, ‘खरेदी’ हाच शब्द वापरावा. तो हलका किंवा बाजारी आहे, असे म्हणणाऱ्यांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण पाहावे. आरमारासाठी लागणारे लाकूड कसे मिळवावे, याचे नियमच तेथे घालून दिलेले आहेत. राज्याच्या अरण्यात जे सागवान वगैरे असेल ते हुजुराची परवानगी घेऊन तोडावे आणि त्याहून जे लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, असे त्यांचे सांगणे आहे. आंब्याफणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे असते, तरी त्याला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जुने आणि निरुपयोगी झालेच, तर धन्याला राजी करून आणि त्याचे मोल देऊन ते घ्यावे; जबरदस्ती करू नये. नौदलाच्या खरेदीचा कायदा म्हणून आज आपण जे शोधतो आहोत, त्यातील परवानगी, देशी-परदेशी माल, मोबदला आणि संमती ही चारही कलमे या एका परिच्छेदात आहेत. त्यातही खरेदीलाच खरेदी म्हटले आहे, आणि जबरदस्तीने ताबा घेणे ही त्याहून वेगळी, निषिद्ध गोष्ट मानली आहे. सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे, असे मला वाटते.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपल्या संरक्षण मंत्रालयाच्या सामग्री घेण्याच्या २००२ पासूनच्या कार्यपद्धतीच्या नावात ‘प्रोक्युअरमेंट’ होते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नव्या कार्यपद्धतीच्या नावात ‘अॅक्विझिशन’ आले. हा बदल केवळ शोभेचा नव्हता, कारण नव्या कार्यपद्धतीत विकत घेण्याबरोबर भाडेपट्ट्याने घेण्याचा मार्गही स्वतंत्रपणे घातलेला आहे. भाडेपट्ट्याला खरेदी म्हणता येत नाही. रशियाकडून २०१२ मध्ये नौदलात आलेली ‘चक्र’ ही अणुपाणबुडी दहा वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली होती, आपण ती विकत घेतलेली नव्हती. म्हणून प्रोक्युअरमेंटला ‘खरेदी’, आणि विकत, भाड्याने किंवा बांधून घेणे या सर्वांना सामावणाऱ्या अॅक्विझिशनला ‘संपादन’ अशी विभागणी मी सुचवतो. ‘अधिग्रहण’ विहिरींसाठीच राखून ठेवावे.

उत्तर (कराड)

मी वकिली करते. मिरजेच्या काकांच्या विभागणीशी मी सहमत आहे, परंतु गुरुजींच्या शीर्षकातील ‘कायदे’ या शब्दाकडेही पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेत नौदलाच्या जहाजांविषयी खरोखरच संसदेने केलेला कायदा आहे. त्यांच्या संहितेच्या दहाव्या शीर्षकातील कलम ८६७९ प्रमाणे सशस्त्र दलांसाठीचे कोणतेही जहाज परदेशी गोदीत बांधता येत नाही, आणि जहाजाच्या मुख्य सांगाड्याचा किंवा वरच्या बांधकामाचा मोठा भागही तेथे बांधता येत नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी राष्ट्राध्यक्षांना अपवाद करता येतो. तसे केल्यास संसदेला सूचना द्यावी लागते आणि सूचना मिळाल्यापासून तीस दिवस संपेपर्यंत करार करता येत नाही. हवा भरून फुगवायच्या बोटींना हे कलम लागू नाही. येथे ‘परदेशी जहाजांच्या खरेदीला बंदी’ असे भाषांतर मी वाचले आहे आणि ते चुकीचे आहे. बंदी आहे ती परदेशी गोदीत बांधण्याला. कायद्याचा सगळा भार ‘गोदीत’ या शब्दातील सप्तमीच्या प्रत्ययावर आहे, कारण जहाज कोणाकडून घेतले हा त्या कलमाचा प्रश्न नसून ते कोठे बांधले हा आहे.

आपल्याकडे मात्र काकांनी सांगितलेली २०२० ची कार्यपद्धती हा संसदेचा अधिनियम नाही. ते मंत्रालयाने घालून दिलेले नियम आहेत. त्यांत स्वदेशी रचना, विकास आणि निर्मिती असलेल्या मालाला पहिला क्रम दिलेला आहे आणि त्या वर्गासाठी किमान ५० टक्के स्वदेशी घटकांची अट आहे. परंतु परदेशी गोदीत बांधू नये असा मनाई करणारा अधिनियम आपल्याकडे नाही, आणि म्हणूनच ‘तमाल’ ही युद्धनौका रशियातील कालिनिनग्राद येथे बांधली जाऊन १ जुलै २०२५ रोजी तेथेच नौदलात दाखल होऊ शकली. भारताविषयी लिहिताना ‘नौदल खरेदीची कार्यपद्धती’ आणि अमेरिकेविषयी लिहिताना ‘नौदल खरेदीचा कायदा’ असे म्हणावे. हा भेद पुसला, तर वाचकाला दोन्ही देशांतील संसदेचा अधिकार सारखाच वाटतो.

दुसरी चूक त्याहून अधिक पसरलेली आहे. २३ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी प्रगत अणुभट्ट्यांविषयी जो आदेश काढला, त्याला अनेकांनी ‘अध्यादेश’ म्हटले. आपल्या राज्यघटनेत अध्यादेश म्हणजे विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना काढलेला, कायद्याचेच बळ असलेला हुकूम. अधिवेशन पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो किंवा त्याचे कायद्यात रूपांतर होते. अमेरिकेच्या आदेशाचे स्वरूप तसे नाही. तो कार्यकारी आदेश आहे, म्हणजे आपल्या शासन निर्णयाला अधिक जवळचा. त्या आदेशानुसार, लष्कराच्याच नियमनाखाली चालणारी एक अणुभट्टी देशांतर्गत लष्करी तळावर ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत कार्यान्वित व्हायची आहे. येथे ‘सुरू होईल’ असे लिहिले, तर ते भाकीत वाटते. मूळ इंग्रजीत आज्ञा आहे. आपल्या अधिनियमांच्या मराठीत ‘करील’ हे रूप आज्ञेसाठी रूढ असले, तरी सर्वसामान्य वाचकासाठी ‘सुरू करावी, असा आदेश आहे’ हेच लिहिणे योग्य.

पुन्हा विचारणा (सातारा)

ताई, आपल्या ‘गोदीत’ या उदाहरणामुळे माझ्या दुसऱ्या अर्ध्या शीर्षकाविषयी शंका वाढली आहे. ‘लष्करी तळांची’, ‘तळांवरची’, ‘तळांसाठीची’ यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे काय? मला तो केवळ शैलीचा भाग वाटत होता.

उत्तर (कराड)

गुरुजी, फरक आहे, आणि माझ्या मते या चर्चेचा गाभाच तेथे आहे.

अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा अधिनियमातील कलम ९१ राष्ट्राध्यक्षांना असा अधिकार देते की संरक्षण खात्याला लष्करी प्रयोजनासाठी अण्वस्त्र किंवा अणुभट्टी तयार करण्यास अथवा मिळवण्यास त्यांनी अनुमती द्यावी. अस्त्र आणि भट्टी एकाच वाक्यात शेजारी बसवलेली आहेत, म्हणजे अपशिंग्याच्या गृहस्थांना आलेली शंका कायद्याच्या मूळ शब्दांतही दडलेली आहे. पुढे कलम ११० म्हणते की अशा भट्टीला नागरी परवान्याची गरज नाही. खात्याने ती स्वतः वापरली, किंवा खात्याशी करार केलेल्या आणि खात्याच्या खाती काम करणाऱ्या व्यक्तीने वापरली, तरी परवाना लागत नाही. ‘खात्याच्या खाती’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. ‘अमक्याच्या खाती मांडा’ असे आपले दुकानदार म्हणतात, त्याच अर्थाचा तो इंग्रजी शब्दप्रयोग आहे. जोखीम आणि हिशेब धन्याचा, राबणारा हात दुसऱ्याचा.

म्हणून ‘लष्कराची भट्टी’ म्हटले की कलम ९१ ची वाट येते. एखाद्या कंपनीने तळाच्या कुंपणाच्या आत स्वतःच्या मालकीची भट्टी उभारून लष्कराला मीटरप्रमाणे वीज विकली, तर ती ‘तळावरची’ असते आणि ‘तळासाठीची’ही असते, पण ‘तळाची’ नसते, आणि मग नागरी नियामक आयोगाच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तीन प्रत्यय वेगळे ठेवले नाहीत, तर परवाना कोणी द्यायचा हेच वाचकाला कळणार नाही.

आपल्या देशातील एक व्याख्याही याच प्रकारची आहे. २०१० च्या अणुहानी दायित्व अधिनियमात ‘अणु-आस्थापना’ म्हणजे अणुभट्टी असे सांगताना, वाहतुकीच्या साधनावर शक्तीचा स्रोत म्हणून बसवलेली भट्टी वगळलेली होती. तीच भट्टी जमिनीवर असली तर आस्थापना ठरे आणि पाणबुडीत असली तर ठरत नसे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या अधिनियमांच्या जागी नवा कायदा संमत केला आहे, तरी शब्दविचारासाठी ही व्याख्या पाहण्यासारखी आहे.

उत्तर (सांगली)

मी सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात नोकरी करतो. ‘अणुशक्ती’ या शब्दाविषयी थोडे लिहितो.

इंग्रजीतील ‘पॉवर’ या एका शब्दात वीज, सामर्थ्य आणि सत्ता असे तीनही अर्थ आहेत. मराठीत ते वेगळे आहेत आणि ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे; ‘अणुशक्ती’ म्हणून आपण ती उगाच गमावतो. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशाला ‘अण्वस्त्रधारी राष्ट्र’ म्हणावे, भट्टीतून निघणाऱ्या उष्णतेसह सर्व उपयोगांना ‘अणुऊर्जा’ म्हणावे आणि तारेतून जाते तिला ‘अणुवीज’ म्हणावे. कोयनेच्या १९६० मेगावॅटला आपण जलशक्ती म्हणत नाही, वीज म्हणतो.

१९५९ च्या अंटार्क्टिक कराराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्यात अणुस्फोटांना आणि किरणोत्सारी कचरा टाकण्याला बंदी आहे, अणुविजेला नाही. त्यामुळेच अमेरिकेच्या नौदलाने मॅकमर्डो येथील संशोधन तळावर १९६२ ते १९७२ या काळात दोन मेगावॅटहूनही कमी क्षमतेची अणुभट्टी चालवली आणि ती बंद झाल्यावर तेथील दूषित मातीही उचलून नेली. त्या काळाचे वर्णन ‘अंटार्क्टिकावर अणुशक्ती’ असे केले, तर कराराचा भंग झाला असा समज होईल.

‘अणुभट्टी’ या शब्दाविषयी एकाने मागे आक्षेप घेतला होता की तेथे काही जळत नाही, म्हणून भट्टी म्हणू नये. मला तो आक्षेप पटत नाही. आमच्या कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर टर्बाइन फिरते. अणुभट्टीत युरेनियमच्या विखंडनाने उष्णता निर्माण होते आणि पुढचा वाफेचा मार्ग बहुतेक ठिकाणी तोच आहे. भट्टी म्हणजे जेथे उष्णता मुद्दाम निर्माण करून ताब्यात ठेवतात ती जागा, इतका अर्थ पुरेसा आहे.

तळासाठीच्या विजेला माझ्या विभागातील शब्द ‘स्ववापराची वीज’ हा आहे. २००३ च्या वीज अधिनियमात स्ववापराच्या निर्मितीची तरतूद आहे आणि कारखान्याचे लोक तिला ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. बाहेरची वाहिनी तुटली तरी आतली यंत्रे चालू राहिली पाहिजेत, हीच लष्करी तळाची गरज आहे आणि तेथे अणुभट्टी नेण्याचे मुख्य कारणही तेच सांगितले जाते.

सातारा

आपणा तिघांचे मनापासून आभार. रविवारच्या टिपणाचे शीर्षक आता ‘नौदलाच्या जहाजखरेदीचा कायदा आणि लष्करी तळांसाठीची अणुवीज’ असे केले आहे. ‘तळांची’ऐवजी ‘तळांसाठीची’ हे मुद्दाम ठेवले, कारण टिपणात लष्कराच्या मालकीच्या आणि कंपनीच्या मालकीच्या अशा दोन्ही भट्ट्यांचा विचार आहे. सुभेदारसाहेबांना आज्ञापत्रातील आंब्याफणसाचा नियम वाचून दाखवणार आहे.

एक शब्द अजून अडला आहे. जहाजाच्या ‘मुख्य सांगाड्या’ला कोकणात जहाज बांधणारे कारागीर काय म्हणतात, हे कोणास ठाऊक असल्यास लिहावे. ‘सांगाडा’ म्हटले की फळ्या ठोकण्याआधीचा हाडांचा साचा डोळ्यांपुढे येतो, आणि कायद्याला फळ्यांसह सगळे अंग अभिप्रेत आहे.