मदत हवी आहे: पीके-१५ वर (डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी) सर्को (डुकरांचा सर्कोव्हायरस) वाढतच नाहीये (तातडीचं)

ऐरोलीकर: तिसरा पॅसेज झाला (म्हणजे तिसऱ्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवलं), पेशी ढिम्म. एकही गोल होऊन सुटलेली नाही, सीपीई (व्हायरसमुळे पेशींचं दिसणारं नुकसान) शून्य. पीसीआर मात्र दणक्यात पॉझिटिव्ह. ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालून बघू का? गुरुवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

परळचा_पशुवैद्य: सर्को १ की २? आणि ट्रिप्सिन कशाला मध्ये आलं? ते पीईडीला (डुकरांच्या जुलाबाचा व्हायरस) लागतं, व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या).

ऐरोलीकर: २ च हो. १ कोण वाढवत बसतंय?

परळचा_पशुवैद्य: मग सीपीईची वाट बघू नका. सर्को २ ते देतच नाही, वर्षभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलात तरी. इम्युनोफ्लुरोसन्स करा, म्हणजे व्हायरसला चिकटणारी चमकती अँटीबॉडी लावून बघा.

कल्चर_काकू: फ्लास्क गच्च भरल्यावर व्हायरस टाकलात का? त्याच्याकडे स्वतःचं पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम) नाही, पेशी विभागत असतील तरच त्याचं चालतं. ग्लुकोसामाइन द्या, ही एक साखर, व्हायरसची वाढ सुरू करून देते. आमच्याकडे हमखास लागू पडायचं.

परळचा_पशुवैद्य: काकू, तो १९८७ चा उपाय. आमच्या निम्म्या पेशी त्यानेच मेल्या होत्या.

कल्चर_काकू: तुम्ही जास्त घातलं असणार.

नुसता_वाचक: आमच्या घणसोलीत एकाने पोर्क ठेवायला सुरुवात केलीये. खाल्लं तर हा होतो का?

परळचा_पशुवैद्य: माणसाला याने आजार झाल्याचं दिसलेलं नाही. नीट शिजवून खा.

वाशीची_पेशी: व्हायरस न टाकलेला फ्लास्क पीसीआरला लावला होता का?

ऐरोलीकर: हो, तोही पॉझिटिव्ह. हात लागला असेल म्हणून सोडून दिला.

वाशीची_पेशी: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! पाण्याचा ब्लँक (नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालून केलेला पीसीआर)? प्रायमर (पीसीआरने काय शोधायचं ते ठरवणारे डीएनएचे तुकडे) कुठल्या जीनचे? पेशी कुठून आणल्या?

ऐरोलीकर: ब्लँक निगेटिव्ह. प्रायमर रेपचे (व्हायरसची नक्कल करवणारा जीन). पेशी मित्राच्या लॅबमधल्या, रबाळ्याहून स्कूटरवर आणल्या. पण पेशी मस्त वाढतायत, त्यांचा काय संबंध?

वाशीची_पेशी: ब्लँक निगेटिव्ह म्हणजे तुमचा हात बरा आहे, पेशीच बाधित असणार. १९७४ साली सर्को १ पहिल्यांदा सापडला तोच मुळी पीके-१५ मध्ये! काही करत नाही, नुसता राहतो. रेप जीन दोघांचा बराचसा सारखा, त्यामुळे तुमचे प्रायमर बहुतेक त्या घरजावयालाच मोजतायत. कॅप्सिडवरचे (व्हायरसच्या कवचाच्या जीनवरचे), फक्त सर्को २ ला धरणारे प्रायमर मागवा आणि सर्को १ नसल्याचं लेखी देणाऱ्याकडूनच पेशी घ्या. २०१० मध्ये रोटाव्हायरसच्या लशीतसुद्धा सर्को १ चा डीएनए निघाला होता. संशय कशावर? डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या ट्रिप्सिनवर. आणि तुम्ही तेच घालायला निघालात.

ऐरोलीकर: बाप रे. म्हणजे तीन पॅसेज पाण्यात? प्रायमर यायला आठवडा जाईल, गुरुवारचं काय करू?

परळचा_पशुवैद्य: व्हायरस न टाकलेल्या फ्लास्कचा पीसीआरचा जेल दाखवा. लपवू नका.

कल्चर_काकू: नव्या पेशी आल्या की ग्लुकोसामाइन करून बघाच. थोडंच घाला.