घरच्या ईव्ही चार्जरचं 30सी क्रेडिट शून्य का दिसतंय?

कॅरीकर
नॉर्थ कॅरोलिना, वेक काउंटी. स्वतःचं राहतं घर. नोव्हेंबर 2025 मध्ये गॅरेजात 48 अँपिअरचा चार्जर बसवला. चार्जर 550 डॉलर, आणि वायर, कंड्युइट, मजुरी, परमिट मिळून 1,350. वीज कंपनीकडून 400 डॉलर रिबेट मिळाली. 30सी म्हणजे चार्जरच्या खर्चाचा काही भाग अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्समधून वजा करून देणारं क्रेडिट. 30 टक्क्यांनी 570 यायला हवेत, पण टॅक्स सॉफ्टवेअर शून्य दाखवतंय. त्याच वर्षी कंपनीचे आयएसओ (कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावात शेअर घेऊ देणारे ऑप्शन) एक्सरसाइज केले, म्हणजे शेअर घेतले, आणि ते न विकता तसेच ठेवलेत. त्याचा संबंध असेल का? शिवाय मेव्हण्याला 2026 मध्ये चार्जर बसवायचाय. त्याने काय सांभाळावं?

फॉर्मवाली
आधी 570 चा आकडा सोडा. वीज कंपनीची रिबेट खर्चातून वजा करूनच धरायची, म्हणजे 1,900 उणे 400 = 1,500, आणि त्याचे 30 टक्के 450. कमाल मर्यादा 1,000 डॉलर आहे, तिथपर्यंत तुम्ही पोचतच नाही.

शून्य दिसण्याचं पहिलं कारण पत्ता असू शकतो. 2023 पासून हे क्रेडिट सरसकट मिळत नाही. घर पात्र सेन्सस ट्रॅक्टमध्ये (जनगणनेसाठी आखलेल्या भागात) लागतं, म्हणजे एकतर कमी उत्पन्नाचा भाग किंवा बिगरशहरी. या क्रेडिटच्या फॉर्म 8911 च्या शेड्यूल ए मध्ये 11 अंकी जीईओआयडी, म्हणजे ट्रॅक्टचा पूर्ण क्रमांक, मागतात: राज्याचे 2, काउंटीचे 3, ट्रॅक्टचे 6. तुमचा 37183 ने सुरू होईल. सेन्सस ब्यूरोच्या जिओकोडरवर पत्ता टाकताना 2020 च्या जनगणनेची आवृत्ती निवडा. ट्रॅक्ट 27.04 असा दिसला तर तो 002704 असा लिहायचा. इथेच बहुतेकांचे अंक कमी पडतात. मग हा क्रमांक आयआरएसच्या (केंद्रीय टॅक्स खात्याच्या) नोटीस 2024-20 च्या परिशिष्ट बी मध्ये शोधा. परिशिष्ट ए 2015 च्या सीमांवर आहे आणि 2024 अखेरपर्यंत बसवलेल्या चार्जरपुरतंच चालतं.

"आमचं सबर्ब आहे, बिगरशहरी कसं?" म्हणून सोडून देऊ नका. ट्रॅक्टमधले 10 टक्के ब्लॉक (जनगणनेचे छोटे तुकडे) जरी शहरी नसले तरी तो ट्रॅक्ट बिगरशहरी धरतात. उलट, रस्त्यापलीकडचं घर पात्र म्हणून आपलंही असेल, असंही नाही.

कॅरीकर
जीईओआयडी टाकला, परिशिष्ट बी मध्ये सापडला. तरी शून्यच. पण आमचा तर रिफंड येतोय!

फॉर्मवाली
मग आयएसओच. रिफंड येतोय की भरायचेत, याला इथे अर्थ नाही. तो पगारातून किती कापले यावर ठरतो. घरगुती चार्जरचं क्रेडिट मिळतं ते नियमित टॅक्समधून टेंटेटिव्ह मिनिमम टॅक्स (एएमटी या पर्यायी किमान टॅक्सच्या पद्धतीने येणारा आकडा) वजा जाता जे उरेल तेवढ्यापुरतं. तो आकडा फॉर्म 6251 च्या ओळ 9 वर बघा. शेअर विकले नाहीत, त्यामुळे बाजारभाव आणि एक्सरसाइज किंमत यांतला फरक तिथल्या उत्पन्नात मिळवला गेलाय. एएमटी लागला असेल तर ओळ 9 नियमित टॅक्सच्या वर गेलेली असणार, म्हणजे क्रेडिटला जागाच नाही. आणि वाईट भाग असा की हे पुढच्या वर्षी ओढता येत नाही, बुडालं ते बुडालं. आयएसओमुळे भरलेला एएमटी फॉर्म 8801 ने पुढे हळूहळू परत येतो, पण हे 450 त्याच्याबरोबर येत नाहीत.

जागा उरली असती तर रक्कम शेड्यूल 3 च्या ओळ 6जे वर गेली असती. मेव्हणाही ऑप्शनवाला असेल तर त्याने एक्सरसाइज करण्याआधी 2026 चा हिशोब मांडावा.

तार_आणि_ब्रेकर
मेव्हण्यासाठी: 4 जुलै 2025 च्या कायद्याने हे क्रेडिट 30 जून 2026 नंतर संपतं. तारीख मोजायची ती चार्जर वापरायला तयार झाल्याची. मेमध्ये पैसे भरले आणि जुलैत बसवला तर काही मिळत नाही. इन्स्पेक्शनच्या रांगा धरून आधीच परमिट काढा.

कोटेशनमध्ये वायर पाहा. चार्जर हा सलग चालणारा लोड, म्हणून 125 टक्के: 48 अँपिअरला 60 चा ब्रेकर. कंड्युइटमधून 6 गेज तांब्याची टीएचएचएन (सुटी वायर) चालते. भिंतीतली 6 गेजची एनएम-बी केबल (एका प्लास्टिक आवरणातली घरगुती केबल) मात्र 55 अँपिअरचीच धरतात, त्यामुळे 60 च्या ब्रेकरवर ती चालत नाही. इन्स्पेक्शन नेमकं इथे अडतं, आणि स्वस्त कोटेशनही बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेलं असतं.

शक्यतो हार्डवायर करा, म्हणजे सॉकेट न लावता चार्जर थेट वायरला जोडा. 14-50 (50 अँपिअरचं) सॉकेट असेल तर जीएफसीआय ब्रेकर (वीजगळती झाल्यावर बंद होणारा) लागतो, तो चार्जरच्या स्वतःच्या संरक्षणाशी भांडून उगाच ट्रिप होतो. आणि घरगुती दर्जाचं सॉकेट रोज तासन् तास 40 अँपिअर ओढून वितळतं.

पॅनलमध्ये क्षमता नसेल तर लगेच 200 अँपिअरचा पॅनल घेऊ नका. 30 च्या ब्रेकरवर, 10 गेज वायरवर, 24 अँपिअरने 8 तासांत सुमारे 46 युनिट भरतात, म्हणजे साधारण 150 मैल. रोजच्या ऑफिसला 48 चा हट्ट कशाला? तरी हवाच असेल तर लोड मॅनेजमेंटचा, म्हणजे घरातला एकूण लोड पाहून स्वतःच कमी ओढणारा, चार्जर घ्या.

फॉर्मवाली
पॅनल बदललाच तर इलेक्ट्रिशियनकडून बिलात चार्जरची सर्किट वेगळ्या ओळीत लिहून घ्या. फक्त चार्जरसाठीचं काम दाखवायला सोपं. अख्ख्या घराचा पॅनल क्रेडिटमध्ये घालणं मला धोक्याचं वाटतं.

वीज कंपन्यांच्या बऱ्याच योजना फक्त वायरिंगला पैसे देतात, चार्जरला नाही. काहींना यादीतला वाय-फाय चार्जरच लागतो, तेव्हा यादी पाहूनच खरेदी करा. अर्जासाठी पैसे भरल्याचं बिल, परमिटची प्रत, गाडीचं रजिस्ट्रेशन आणि सिरीयल नंबरचा फोटो ठेवा. तो फोटो चार्जर भिंतीवर चढायच्या आत काढा, लेबल पुष्कळदा मागच्या बाजूला असतं. आणि कुणाचा वापरलेला चार्जर घेऊ नका: 30सी ला पहिला वापर तुमचाच लागतो.